सोलापूर ते मुंबई : अंतर, अडथळे आणि प्रवासाचा काळ

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रव्यापाराच्या वर्णनात भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. हे तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, सोलापूरपासून उत्तरेला सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवरचे गाव. तेथील कापड आणि इतर माल गाड्यांवर लादून, अवघड वाटांनी बंदरापर्यंत नेला जात असे. त्या लेखकाने अंतर दिवसांत मोजले, आणि मालाच्या धन्याला व वाटसरूला उपयोगी पडणारे माप तेच होते, कारण एकाच लांबीच्या दोन वाटांपैकी एकीत नदी आडवी येत असेल आणि दुसरीत घाट, तर त्या दोन वाटा सारख्या राहत नाहीत. सोलापूर आणि मुंबई या दोन शहरांमधील प्रवासाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास याच मापाने वाचला पाहिजे. तो वाहनांच्या वाढत्या वेगाचा जितका आहे, त्याहून अधिक वाटेत अडलेल्या जागांचा आहे.

सोलापूरच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेषा ओढली, तर ती सुमारे ३६० किलोमीटर भरते. रस्त्याने हेच अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास जाते आणि लोहमार्गाने ४५५ किलोमीटर होते, कारण रुळांना सह्याद्री उतरण्यासाठी वळणे घ्यावी लागतात आणि दौंड, कुर्डुवाडी या गावांना धरून भीमेच्या खोऱ्यातून जावे लागते. सरळ रेषा आणि रूळ यांच्यातला हा नव्वद-पंचाण्णव किलोमीटरचा फरक भूगोलाने आकारलेला कर आहे, आणि त्याचा मोठा भाग खंडाळा ते कर्जत या एका उतारावर आणि भीमेच्या काठाकाठाने घेतलेल्या वळणांवर वसूल होतो.

मे १८१८ मध्ये जनरल मन्रो याच्या सैन्याने सोलापूरचा किल्ला घेतला आणि हा प्रदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली आला, तेव्हा पुण्याकडून मुंबईला उतरणारी चाकोरीची वाट बोरघाटात जवळजवळ तुटत होती. बैलांच्या पाठीवरचा माल घाट उतरू शकत असे, परंतु लादलेली गाडी उतरवणे कठीण होते. सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, १८३० मध्ये, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि पहिल्यांदा देशावरची गाडी माल न उतरवता कोकणात जाऊ लागली. तरीही लादलेली बैलगाडी दिवसाला पंधरा-वीस किलोमीटरच चालत असल्याने सोलापूरच्या कापसाला पनवेलच्या खाडीपर्यंत पोहोचायला तीन आठवड्यांच्या आसपास लागत, आणि हा हिशेब कोरड्या दिवसांचा आहे. सोलापूर, बार्शी, माढा या भागातली काळी जमीन पावसात चिखल होऊन चाके धरून ठेवते, म्हणून आषाढ ते भाद्रपद या काळात व्यापारी वाहतूक बहुतांशी थांबत असे. वर्षातले तीन महिने सोलापूर मुंबईपासून किती दिवसांवर आहे, या प्रश्नाला उत्तरच नव्हते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे मराठीत रूढ झालेली जीआयपी, ही कंपनी १८४९ मध्ये स्थापन झाली आणि १६ एप्रिल १८५३ रोजी तिची पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. कंपनीने घाटाखालचे आणि घाटावरचे काम एकाच वेळी हाती घेतले. घाटाखाली रूळ १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आले. घाटावर खंडाळा ते पुणे हा टप्पा १८५८ च्या जूनमध्ये सुरू झाला आणि पुढे दिकसळ, बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी, आणि मोहोळ असे टप्पे ओलांडत ६ जून १८६० रोजी गाडी सोलापुरात आली. घाटावरचा हा सारा मार्ग अजून समुद्राकडच्या रुळांना जोडलेला नव्हता, ही या कथेतली सर्वांत विलक्षण गोष्ट आहे. रूळ, स्लीपर, डबे आणि इंजिनांचे भाग मुंबई बंदरात उतरवून, खोपोलीपर्यंत गाडीने आणून, तेथून बैलांच्या आणि माणसांच्या बळावर घाट चढवून न्यावे लागत होते. प्रवाशांचीही तीच गत होती. सोलापूरहून आगगाडीने निघालेला माणूस खंडाळ्याला उतरे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट उतरे आणि खोपोलीला दुसऱ्या गाडीत बसे. साडेचारशे किलोमीटरच्या प्रवासातली वीसेक किलोमीटरची ही फट तीन वर्षे, म्हणजे १८६० ते १८६३, सोलापूरच्या वाट्याला आली, आणि इंजिनाचा वेग कितीही असला तरी एकूण प्रवासाचा काळ ही फट ठरवत होती.

ती बुजवण्याचे काम एकोणिसाव्या शतकातल्या भारतातील सर्वांत अवघड बांधकामांपैकी एक ठरले. कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने आखलेली चढण सुमारे २५ किलोमीटर लांबीची असून तेवढ्यात १,८३१ फूट, म्हणजे ५५८ मीटर उंची गाठायची होती. तीत २५ बोगदे आणि ८ मोठे पूल बांधावे लागले. सर्वांत तीव्र जागी उतार ३७ स १ होता, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. डोंगराच्या एका सोंडेवर वळायला जागा नसल्याने तेथे उलट-स्थानक केले गेले. गाडी एका टोकाने आत येई, इंजिन दुसऱ्या टोकाला लावले जाई आणि गाडी उलट्या दिशेने पुढची चढण चढे. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याच्या काळात मजुरीच्या थकबाकीवरून १८५९ मध्ये मजुरांचा उठाव झाला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने मरण पावला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट स्वतःच्या नावावर पुढे चालवून काम पुरे करून घेतले. १८६१ मध्ये घाटात एका वेळी ४२,००० मजूर राबत होते. पटकी आणि तापाने त्यांतले किती गेले याची नावानिशी नोंद कोणी ठेवली नाही, आणि सोलापूर-मुंबई प्रवासाचा हिशेब मांडताना या अनामिकांना वगळणे अन्यायाचे होईल. बर्कली स्वतःही काम पुरे झालेले पाहू शकला नाही. तो ऑगस्ट १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये वारला आणि घाटमार्ग १८६३ च्या वसंतात खुला झाला. तीन आठवड्यांची वाट एका अहोरात्रीच्या आत आली, आणि पावसाळ्यातही ती चालू राहिली, ही दुसरी गोष्ट व्यापाऱ्यांच्या लेखी पहिलीइतकीच मोठी होती.

हे घडले ते नेमके अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, जेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला होता आणि मुंबई बंदरात येणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६० ते १८७० अशी दहा वर्षे सोलापूर या मार्गाचे शेवटचे स्थानक होते. निजामाच्या मुलखातला आणि कर्नाटकातला माल सोलापुरात येऊन गाडीत भरला जाई, म्हणून येथे वखारी, अडत आणि बाजारपेठ वाढली. पुढे रूळ गुलबर्ग्यावरून १८७१ मध्ये रायचूरला पोहोचले, तेथे मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाले आणि सोलापूर शेवटच्या स्थानकाऐवजी मुंबई-मद्रास या दोन महानगरांमधील थांबा बनले. अठराशे एकोणसत्तरच्या नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाल्याने इंग्लंडची टपाल आगबोट मुंबईला लवकर येऊ लागली होती, आणि मद्रासची डाक आता सोलापूरवरून रेल्वेने जाऊ लागली. १८७७ मध्ये सोलापुरात सूत कातणारी आणि कापड विणणारी पहिली गिरणी, जिला शहर आजही ‘जुनी मिल’ म्हणते, चालू झाली. तिची यंत्रे याच घाटमार्गाने वर आली. हातमागाच्या कामासाठी तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि चादरींचे शहर घडू लागले.

याच वर्षांत, १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात, रेल्वेने सोलापूरला धान्य आणून पोहोचवले हे खरे आहे, पण धान्य लवकर आले म्हणून ते विकत घेण्याचे बळ आले नाही. जिल्ह्यात माणसे आणि गुरे मोठ्या संख्येने मेली. प्रवासाचा काळ घटला की जगणे आपोआप सुधारते, ही समजूत सोलापूरच्या अनुभवापुढे टिकत नाही.

लोहमार्गाने वेळ वाचवली तशी ‘वेळ’ या कल्पनेचीही नव्याने मांडणी करावी लागली. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. सोलापूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे तीन अंशांवर असल्याने तेथे सूर्य मुंबईपेक्षा बारा मिनिटे आधी माथ्यावर येतो, आणि चेन्नईत तो सोलापूरच्याही सतरा मिनिटे आधी येतो. गाव गावापासून पंधरा दिवसांवर असते तोवर हा फरक कोणालाही जाणवत नाही. वेळापत्रक छापायची वेळ आली की मात्र तो अपघाताला कारण होऊ शकतो. म्हणून भारतीय रेल्वे कंपन्यांनी १८७० नंतर मद्रासची वेळ प्रमाण मानली. सोलापूरच्या स्थानकावरचे घड्याळ शहरातल्या सूर्याच्या पुढे चालू लागले, आणि मुंबईच्या स्थानकावरचे घड्याळ तर बाहेरच्या रस्त्यावरच्या घड्याळाच्या अर्धा तास पुढे. १ जानेवारी १९०६ पासून देशभर एकच भारतीय प्रमाणवेळ आली, परंतु मुंबई शहराने विरोध म्हणून आपली स्थानिक वेळ १९५५ पर्यंत सांभाळली. त्यामुळे प्रमाणवेळ पाळणाऱ्या गावातून मुंबईत उतरणाऱ्या प्रवाशाला जवळजवळ अर्धशतक आपल्या घड्याळाची शहराच्या घड्याळाशी गाठ घालून घ्यावी लागत असे.

विसाव्या शतकात घाटाचा अडथळा आणखी सैल झाला. १९२९ च्या सुमारास नवा बोगदा काढून उलट-स्थानक टाळले गेले, मुंबई-पुणे मार्ग विजेवर आला आणि १ जून १९३० पासून ‘दख्खनची राणी’ धावू लागली. मात्र या सुधारणा पुण्यापर्यंतच्या होत्या. पुण्याच्या पुढे, दौंडच्या पलीकडे, सोलापूरच्या वाट्याला दीर्घकाळ एकेरी मार्ग राहिला, आणि एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी थांबणे, ज्याला प्रवासी सरळ ‘क्रॉसिंगला गाडी लागली’ असे म्हणतात, हा प्रवासाचा अटळ भाग होता. विजेचे इंजिन पुण्यापर्यंत आणि पुढे डिझेल, त्यामुळे पुण्याला इंजिन बदलण्याचा वेळ जाई. कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिने, म्हणजे ‘बँकर’, लावण्याचा वेळ वेगळा. मधल्या काळात उजनी धरणाच्या पाण्याने भीमेचे खोरे भरले, तेव्हा भिगवण-दिकसळ परिसरातला मूळ लोहमार्ग पाण्याखाली जाणार म्हणून नव्या आखणीने हलवावा लागला. पहिल्या गाडीने ज्या जमिनीवरून भीमा ओलांडली होती, तिचा काही भाग आज जलाशयात आहे.

या संथ मार्गाला सोलापूरकरांनी शोधलेला तोडगा ‘सिद्धेश्वर एक्सप्रेस’ हा होता. रात्री उशिरा निघून सकाळी मुंबईत पोहोचणाऱ्या या गाडीला आठ तासांच्या आसपास लागतात, पण हे तास झोपेचे असल्यामुळे कामाचा दिवस खर्ची पडत नाही. मंत्रालयात कागद घेऊन जाणारा, टाटा रुग्णालयात रुग्णाला उपचाराला नेणारा, मंगळदास मार्केटात चादरी-टॉवेलांचा सौदा ठरवणारा, असे सगळे जण दिवसभर मुंबईत काम करून त्याच रात्री परत फिरू शकत. प्रवासाचे तास मोजताना ते दिवसाच्या कोणत्या भागातून वजा होतात हे पाहिले नाही, तर हिशेब चुकतो, आणि सोलापूरच्या बाबतीत तो वारंवार चुकवला गेला आहे. २००१ मध्ये सुरू झालेली पुण्याची ‘हुतात्मा एक्सप्रेस’ ही दिवसाची गाडी १९३१ च्या १२ जानेवारीला येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचे स्मरण जागवते. दौंडपुढचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण पुरे झाल्यानंतर १० फेब्रुवारी २०२३ रोजी ‘वंदे भारत’ सुरू झाली आणि मुंबई सोलापूरपासून सुमारे साडेसहा तासांवर आली. हा काळ १८६३ मधील प्रवासाच्या तुलनेत क्षणभराचा वाटतो, पण वाचलेल्या वेळातला काही भाग इंजिनाच्या शक्तीपेक्षा दुसऱ्या रुळामुळे वाचला आहे.

आकाशमार्गाची कथा जुनी सुरुवात आणि लांब प्रतीक्षा अशी आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत टपाल आणले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट याने ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. मुंबईहून बेल्लारीला जाणारी सरळ रेषा सोलापूरच्या पश्चिमेकडून जाते. हे टपाल नेणाऱ्या ‘पुस मॉथ’ विमानाचा वेग ताशी दीडशे किलोमीटरपेक्षा थोडा अधिक होता, म्हणजे सोलापूर-मुंबई अंतर त्याने अडीच तासांच्या आत कापले असते. १९३२ मध्ये शक्य असलेला हा काळ सोलापूरच्या प्रवाशाला प्रत्यक्ष मिळायला सत्तर वर्षांहून अधिक अवधी लागला, कारण विमान आकाशातून जाणे आणि ते उतरणे या दोन गोष्टींत धावपट्टी, प्रवासी, परवाने आणि तोटा सोसण्याची तयारी एवढे सगळे मध्ये येते. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून ‘किंगफिशर’ची मुंबई सेवा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि काही काळात बंदही पडली.

त्यानंतरचा अडथळा धावपट्टीजवळच उभा होता. विमानतळाशेजारी असलेल्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची, म्हणजे उसाच्या चिपाडांपासून वीज करणाऱ्या केंद्राची चिमणी सुमारे ९० मीटर उंचीची होती. विमान उतरताना धावपट्टीच्या टोकापासून बाहेर एक कल्पित तिरपे छत धरले जाते आणि त्याच्या वर कोणतेही बांधकाम डोकावू नये असा नियम आहे. उपकरणांच्या आधारे उतरणाऱ्या विमानांसाठी या छताचा उतार साधारणतः ५० स १ असतो. या प्रमाणाने ९० मीटरची वस्तू टोकापासून साडेचार किलोमीटर दूर असावी लागते. बर्कलीने आगगाडीला घाट चढवण्यासाठी ३७ स १ चा उतार ठरवला होता. दीडशे वर्षांनी विमानाला खाली आणण्यासाठी त्याहून सौम्य उतार मोकळा असावा लागला, आणि तो मोकळा नव्हता. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘उडान’ योजनेत सोलापूरचे नाव आले, तरी सेवा सुरू होऊ शकली नाही.

या वादात एका बाजूला विमानसेवेअभावी उद्योग येत नाहीत असे म्हणणारे शहरातील नागरिक होते आणि दुसऱ्या बाजूला हजारो ऊस उत्पादक सभासदांचा कारखाना, ज्यांच्या गाळपावर चिमणी पडण्याचा थेट परिणाम होणार होता. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते आणि म्हणूनच प्रकरण वर्षानुवर्षे कचेऱ्यांत व न्यायालयांत चालले. अखेर १५ जून २०२३ रोजी सोलापूर महानगरपालिकेने चिमणी पाडली. दुरुस्तीनंतर २९ सप्टेंबर २०२४ रोजी विमानतळाचे उद्‌घाटन झाले, ९ जून २०२५ पासून ‘फ्लाय९१’ कंपनीची गोव्याची सेवा सुरू झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘स्टार एअर’चे विमान मुंबईकडे उडाले. आसने रिकामी राहिल्यास कंपनीची तूट भरून काढण्यासाठी राज्य शासनाने ‘व्यवहार्यता तफावत निधी’ देऊ केला. या निधीशिवाय ही सेवा सुरू झाली नसती, हे मान्य करणे आवश्यक आहे.

हवेतला काळ आता सुमारे एक तास आहे. विमान कंपन्या ज्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात तो विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे उभे राहीपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीकडे जाणे, चढणे, मुंबईच्या आकाशात इतर विमानांमागे रांगेत घिरट्या घालणे हे सगळे येते, आणि ३६० किलोमीटरच्या टप्प्यात स्थिर वेगाने उडण्याची मिनिटे थोडीच उरतात. सोलापूरचा विमानतळ शहराला लागून असल्याने तिकडचा वेळ वाचतो. मुंबईत सांताक्रुझहून फोर्टपर्यंत पोहोचण्यात तो बऱ्याच अंशी परत जातो.

शिवाय मुंबईच्या विमानतळावर प्रत्येक विमानाला उतरण्याचा आणि उडण्याचा ठरावीक काळ, म्हणजे ‘स्लॉट’, मिळवावा लागतो आणि दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने तेथे स्लॉटची टंचाई कायम असते. सोलापूरच्या प्रवाशाला हवा आहे तो सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याचा स्लॉट, कारण तो मिळाला नाही तर सिद्धेश्वर एक्सप्रेसची रात्र विमानाच्या एका तासापेक्षा किफायतशीर ठरते. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन झाले असून तेथे जागा अधिक आहे, मात्र मंत्रालय आणि दक्षिण मुंबई तेथून लांब पडतात. सोलापूरजवळ बोरामणी येथे मोठ्या विमानतळासाठी जमीन संपादित झाली आहे. परंतु त्या परिसरातील वनजमीन आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्यामुळे आलेली बंधने यांमुळे ते काम रखडले आहे. माळढोक पक्षी आता या माळांवर क्वचितच दिसतो, आणि त्याच्यासाठी राखलेल्या गवताळ माळाला धावपट्टीइतकेच वजन देऊन हा निर्णय व्हायला हवा.